दया न आलेला न्यायाधीश

जज्जसाहेब बोलणाऱ्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत, ओठांकडे बघत. गुजराती मुलखातल्या कतारगामच्या आमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, ही सवय सगळ्यांनाच होती. माग धडधडायला लागले की गळा फाडून काही उपयोग नसतो. ओठ हलवायचे आणि समोरच्यानं वाचायचे. पण बाहेर पडलं की आम्ही परत माणसांसारखे कानांनी ऐकायचो. जज्जसाहेब चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवरही ओठच बघायचे. एकदा मी मागून हाका मारमारून दमलो, तरी मान वळली नाही, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

हे नाव त्यांना नाटकामुळे पडलं. एरवी ते आमचे आबा, अमळनेरकडचे, खात्यातले जॉबर. बिघडलेला माग दुरुस्त करायचा आणि कुठला माग बिघडू घातलाय ते आवाजावरून आधीच ओळखायचं, हे जॉबरचं काम. बहिरा कारीगर चालतो, अर्धं खातं बहिरंच होतं. बहिरा जॉबर कोण ठेवील? मी त्यांना सरळ विचारलं, तर म्हणाले, "दोन वर्षं झाली. पोरीचं लग्न होईस्तोवर निभावून ने." माझे माग त्यांच्या बसायच्या जागेशेजारीच होते. त्या दिवसापासून आवाज कुठून येतोय ते मी बोटानं दाखवायचो आणि ते रुबाबात उठून जायचे.

दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना पहिल्यांदा मत द्यायला मिळालं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आदल्या वर्षी प्लेगच्या धास्तीनं गावाकडे पळालेली माणसं परतली होती आणि गणपतीत जोरदार काहीतरी करायचं मंडळानं ठरवलं होतं. आबांच्या घरमालकाच्या भावाचं तिकडे आफ्रिकेत दुकान होतं. पास, म्हणजे सरकारी परवाना, जवळ नसला तर काळ्याला रस्त्यातून उचलायचे, बाकांवर कुणी बसायचं ते लिहिलेलं असायचं, हे सगळं आबांनी त्या म्हाताऱ्या घरमालकाला खोदून खोदून विचारलं आणि नाटक लिहून काढलं. पास जाळणाऱ्या एका काळ्या मजुराचा खटला. मजूर मी. गोरा न्यायाधीश कोण, तर आबा म्हणाले, मी.

सगळे हसले, कारण आबा काळे कुळकुळीत. कुणीतरी तोंडाला पांढरं फासायचं सुचवलं. आबांनी ते उडवून लावलं. गोरेपणा कातडीत नसतो, बसण्यात असतो, असं त्यांचं म्हणणं. मग जुलूम सोसणाऱ्याचं काम का घेत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ते सोंग आपल्याला जन्मतःच येतं. जुलूम करणाऱ्याचं मात्र शिकावं लागतं." न्यायाधीशासमोर सगळ्यांची तोंडं दिसतात, हे दुसरं कारण मला एकट्यालाच ठाऊक होतं.

वीज बंद असायची त्या दिवशी खात्याच्या गच्चीवर तालमी. आबांचा न्यायाधीश ओरडायचा नाही, मूठ आपटायचा नाही. कागद चाळायचा, नखं बघायचा. मी म्हटलं, आबा, जरा रागवा की, लोकांना चीड कशी यायची? तेव्हा त्यांनी गावची गोष्ट सांगितली. विहिरीवर त्यांच्या वडिलांना ओंजळ धरावी लागे. वरून पाणी ओतणारा माणूस ओतता ओतता दुसऱ्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचा. "त्याच्या तोंडावर राग नव्हता रे," आबा म्हणाले. "राग असता तर बापाकडे बघितलं तरी असतं." त्यानंतर त्यांच्या अभिनयावर बोलायची माझी छाती झाली नाही.

शेवट असा बसवला होता. न्यायाधीश सबंध खटलाभर आरोपीकडे बघत नाही. आरोपी म्हणतो, "शिक्षा द्या. पण देताना माझ्याकडे बघा." तेव्हा तो एकदाच मान वर करतो आणि लगेच, श्वासही न घेता, फाशी सुनावतो. आरोपीचं ते वाक्य माझ्याकडे तोंड करूनच म्हण, असं आबांनी मला दहादा बजावलं होतं.

आणि मी माती खाल्ली. प्रयोगाला मांडव गच्च भरला होता. पुढे खात्याचे मालक शेठ, मागे आमची सगळी वस्ती, बायका पदरानं डोळे पुसतायत. मला कुठून अवसान आलं कोण जाणे. मी कठड्यातून वळलो आणि ते वाक्य लोकांकडे तोंड करून म्हटलं. मांडव चिडीचूप झाला. आबांनी मान वर केली, तर समोर माझी पाठ. वाक्य झालंय की व्हायचंय, त्यांना कळेना. हातात लेखणी, नजर माझ्यावर, ओठ किंचित उघडे. किती वेळ गेला देव जाणे. मग मला उमगलं. मी वळून नुसते ओठ हलवले, 'झालं', आणि त्यांनी फाशी सुनावली.

टाळ्या थांबेचनात. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल आणली, माइक घेतला आणि सांगितलं की त्या शांततेत आबांनी कमाल केली, गोऱ्या न्यायाधीशालाही पाझर फुटला, माणुसकी शेवटी सगळ्यांत असते. शेठही मान डोलावत होते. आबा अध्यक्षांचे ओठ वाचत होते. मला वाटलं, सुटलो. आबा गप्प राहिले असते तर त्यांचं गुपित शालीखाली झाकलं गेलं असतं.

त्यांनी माइक मागून घेतला. म्हणाले, "त्याला दया आली नव्हती. तसल्याला दया येत नसते, शिक्षा घरूनच लिहून आणलेली असते. मी थांबलो कारण..." इथे ते अडखळले आणि घरच्या बोलीत म्हणाले, "माले ऐकू उनं नही."

मांडवातले हसले, मग कुजबुजले. शेठ हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेठनी त्यांना बोलावून घेतलं. रागावले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. वहीत काहीतरी लिहिता लिहिता "कंई वांधो नहीं, काका" म्हणाले आणि कापडाच्या घड्या घालायचं कमी पगाराचं काम दिलं. दिवाळीपर्यंत आबांनी ते केलं. पोरीचं जमत आलेलं लग्नही मोडलं. मग त्यांनी बिऱ्हाड आवरलं.

स्टेशनावर मी पोचवायला गेलो, तेव्हा इतक्या दिवसांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. म्हटलं, आबा, मी वळलो नसतो तर हे काही झालं नसतं. त्यांनी माझे ओठ नीट वाचले. मग म्हणाले, चूक त्यांचीच होती, त्यांनीच ते न्यायाधीशाकडे बघून म्हणायचं लिहिलं होतं. "त्याच्याकडे बघून मागितलं तर ती भीक होते. तू लोकांना सांगितलंस, ते बरोबर केलंस. फक्त मला कळलं नाही कसं म्हणालास ते. म्हण बरं एकदा."

मी त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं, तर त्यांनी मला खांदे धरून फिरवलं. समोर गाडीची वाट बघत बसलेली माणसं, बोचकी, पोरं. माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, त्यांनी पंजा सपाट टेकवला. लाज गुंडाळून ठेवली आणि मी मोठ्यानं म्हटलं, "शिक्षा द्या. पण देताना माझ्याकडे बघा." फलाटावरच्या माना वळल्या.

माझा आवाज त्यांच्या पंज्याखाली अजून घुमत होता.

"आलं," आबा म्हणाले.