दाराला लॅचच लागतो

नाकावर राग म्हणतात, तो फ्यूजच्या नाकावर चष्म्याबरोबरच बसलेला असायचा. हे नाव तिला वजनकाटे दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये मिळालं होतं, कारण ती कधी उडेल याचा नेम नसे. नाव तिनं मुकाट्यानं घेतलं. बाकी तिनं आयुष्यात काही मुकाट्यानं घेतलं असेल तर शपथ. लग्न मोडलं तेव्हा सासरच्यांना चार शब्द सुनावूनच ती बाहेर पडली. बाबांना विसर पडायला लागला, डॉक्टर म्हणाले वयानुसार व्हायचंच, तर ती त्यांच्यावरही उखडली. म्हणजे काय, तुमचं वय होणार नाही का?

बाबा हल्ली दार उघडून चालायला लागायचे. कुठे, ते त्यांनाही ठाऊक नसे. धाकट्या भावाचं एकच पालुपद: ताई, कामावर जाताना बाहेरून कुलूप लाव. हे ऐकलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. ज्या माणसानं तिला रात्री-अपरात्री कधी दारात अडवलं नाही, त्याला कोंडायचं? जीभ झडली नाही याची?

म्हणून तिनं स्वतःच एक भोंगा बनवला. दाराच्या फळीवर लोहचुंबक, चौकटीत स्विच, आणि भोंगा बाहेर जिन्याजवळ, समोरच्या काकूंना ऐकू जाईल असा. दार उघडलं, चुंबक दूर गेला, की भोंगा वाजणार आणि काकू येऊन बाबांना हाताला धरून आत नेणार. घरच्यांना जायचं-यायचं असेल तर बाहेरच्या बटणानं भोंगा आधी बंद करायचा, दार लावून परत चालू करायचा. सगळं झकास होतं. पण स्विच होता बारीक काचेच्या नळीतला, आणि दार आपटायची तिची खोड काही जाईना. आठवड्यात काच तडकली. भाऊ म्हणाला, भोंगा तुलाच घाबरला. तिला हसू आलं नाही.

मग तिनं बिनकाचेचा, तीन पायांचा इवलासा चुंबकाचा स्विच वापरायचं ठरवलं. त्याच्या आत हलणारं काहीच नसतं, मग कितीही आपटा. रविवारी भोंग्याशिवाय बाबांना सोडून बाजारात जाता येईना म्हणून तिनं भावाला पाठवलं. तो घेऊन आला. तिनं टेबलावर तारा जोडल्या, चुंबक बोटांत उलटा-पालटा फिरवला, भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. चौकटीत बसवून दार एकदा लावलं, आवाज बंद. झालं, म्हणून तिनं पेचकस डब्यात टाकला.

मंगळवारी दुपारी काकूंचा वर्कशॉपमध्ये फोन आला. दार सताड उघडं आहे, बाबा घरात नाहीत, आणि भोंग्यानं हूं की चूं केलं नाही.

बाबा सापडले मोठ्या चौकात, मधोमध. एका पायात चप्पल, दोन्ही बाजूंनी गाड्या, आणि ड्रायव्हर लोक खिडकीतून त्यांना शिव्या घालत होते. फ्यूजनं त्या सगळ्यांना अशा काही शिव्या घातल्या की गाड्या थांबल्या. बाबांचा हात धरून ती रस्ता ओलांडत होती तेव्हाही तिचं तोंड चालूच होतं. नुसता राग नव्हता तो, भीतीही होती, पण भीती वाटली की तिला रागच यायचा, लहानपणापासून.

घरी येऊन तिनं दार लावून पुन्हा उघडलं. भोंगा गप्प. चुंबक काढून लांब ठेवला, तरी गप्प. मग तोच चुंबक उलटा करून जवळ नेला, आणि भोंगा बोंबलायला लागला. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा स्विच एकदा चालू झाला की चुंबक दूर गेला तरी चालूच राहतो, दुसरी बाजू समोर आल्याशिवाय सोडत नाही. टेबलावर तिनं दोन्ही बाजू फिरवल्या म्हणून फसली. दारावरचा चुंबक कुठून कोलांटी मारणार? त्या स्विचच्या लेखी दार जन्मभर बंदच.

तिनं भावाला फोन लावला आणि विचारलं, दुकानात नेमकं मागितलंस काय?

"दाराला लावायचाय म्हटलं. त्यानं विचारलं, लॅच देऊ, का साधा? मी म्हटलं, दाराला लॅचच लागतो."

दुकानदारांच्या भाषेत त्या धरून बसणाऱ्या जातीला लॅच म्हणतात. भावाच्या भाषेत लॅच म्हणजे दाराचं कुलूप. पुढची पाच मिनिटं तिनं त्याची जी हजेरी घेतली ती काकूंनी आपल्या स्वयंपाकघरातून शब्दन् शब्द ऐकली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाही संताप आला. एकदा दार उघडून बघायला काय झालं होतं तिला?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, बाबांना काकूंकडे बसवून, तिनं स्वतः साधा स्विच आणला. बसवून झाला तोच भाऊ आला, हातात कडी-कोयंडा आणि कुलूप.

"बाहेरून कुलूप लावून बापाला ठेवणार नाही मी," ती म्हणाली.

"आणि गाडीखाली आले तर?"

ती आणखीच भडकली. तू महिन्यातून एकदा तोंड दाखवणार आणि कुलूप घालायला पुढे, असं बरंच काही बोलली. भाऊही मग थांबला नाही. तुझ्या तोंडापुढे कोण टिकतंय, माणूस पळूनच जाणार, म्हणाला. जिन्यात दोघांचं असं जुंपलं की काकूंकडून बाबा कधी घरात जाऊन बसले ते दोघांनाही कळलं नाही. काकूंनी त्यांच्यामागे दार लोटून भोंग्याचं बटण चालू केलं होतं.

आणि भोंगा वाजला. बाबांनी आतून दार उघडलं होतं.

पण ते बाहेर पडले नाहीत. त्यांना वाटलं, बेल वाजली. सदऱ्याचं वरचं बटण लावत ते दाराच्या आतच उभे राहिले, समोरच्या दोघांकडे बघून हसले आणि बाजूला सरले.

"या, बसा," ते फ्यूजला म्हणाले. "मुलगी येईलच एवढ्यात. जरा तापट आहे, बोलली काही तर मनावर घेऊ नका. माझ्यासाठी फार करते हो."

फ्यूजनं बटण दाबून भोंगा बंद केला. मग चपला काढल्या, आत गेली आणि पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला बसली.