बॅग कुणी भरली?

बाटल्या भरायची यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात प्रवासबाईंचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. यंत्र बसवायला परदेशी जाणाऱ्या माणसांना जाण्याआधी तयार करणं हे त्यांचं काम. विमानतळावर कुठे वळायचं, पासपोर्ट कुठल्या खिशात ठेवायचा, तिकडे आजारी पडलं तर कुणाला फोन करायचा, असं सगळं. खोलीच्या दारावर पाटी होती, ‘सुरक्षित आणि बिनताणाचा प्रवास’. खोली म्हणजे कॅन्टीनच्या मागची जुनी अडगळीची जागा. जाणाऱ्यांचा ताण कमी होत असेल नसेल, पण दिवसभर कपबशांचा खडखडाट ऐकत बसणाऱ्या बाईंच्या कपाळावरची आठी उतरलेली कुणी पाहिली नव्हती.

त्या स्वतः परदेशी एकदाच गेल्या होत्या, एका प्रदर्शनाला, आणि तिथे सगळा वेळ साहेबांच्या बॅगा राखत बसल्या होत्या, असं अकाउंट्समधली मंडळी सांगत. अकाउंट्सच्या मंडळींचं सगळंच काही मनावर घ्यायचं नसतं, पण हे मात्र खरं होतं.

शिकवण्यासाठी बाई टेबलामागे अधिकारी बनून बसायच्या. चष्मा नाकावर, चेहरा कडक.

“आमच्या देशात कशाला आलात?”

“तुम्हीच बोलावलंत म्हणून,” कुणीतरी म्हणायचं, की सगळा वर्ग खिदळायचा. बाई टेबलावर पेन आपटायच्या. पेन आपटल्याने माणूस शहाणा होत नाही हे त्यांना कळत होतं, पण दुसरं आपटायला हाताशी काही नव्हतं.

या वर्गात एक दिवस धर्मराज आला. हेही अर्थात टोपणनाव. हा तिथला सगळ्यात तरबेज फिटर, आणि त्याला खोटं बोलता येत नसे. एकदा रजेच्या अर्जात त्याने कारण लिहिलं होतं, ‘यावंसं वाटलं नाही’. परदेशातल्या एका मोठ्या ग्राहकाचं यंत्र बंद पडलं होतं आणि ते याच्याशिवाय कुणाला सुरू करता येणार नव्हतं. बाईंनी त्याला जीव तोडून शिकवलं. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवायचा. शेवटी बाई म्हणाल्या, “विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आणि खरं द्यायचं.”

“ते जमेल,” धर्मराज म्हणाला.

तो निघाला त्या दिवशी दुपारी बाईंचा फोन वाजला.

“बाई, मी. विमान गेलं.”

“हो, मग तुम्ही आत आहात ना?”

“आत असतो तर ‘गेलं’ कशाला म्हटलं असतं? मी बाहेर आहे.”

बाई उठून उभ्या राहिल्या. “झालं काय?”

“विमानतळावरच्यांनी विचारलं, ही बॅग तुम्ही स्वतः भरलीत का. मी म्हटलं, नाही.”

बाई परत बसल्या. “मग?”

“मग म्हणाले, कुणी भरली? म्हटलं, बायकोनं. म्हणाले, आत काय काय आहे? म्हटलं, तिला माहीत.”

“अहो, असं कुणी सांगतं का?”

“तुम्हीच म्हणालात, खरं सांगा. मग त्यांनी बॅग बाजूला घेतली. एकेक वस्तू वर धरून विचारायचे, हे काय, हे कशाला. एक डबी निघाली, ती मला ओळखू येईना. त्यांनी हुंगली. दुसऱ्याला बोलावलं, त्यानंही हुंगली. घरी फोन लावला तर ही झोपलेली. शेवटी कळलं, गुडघ्याचं मलम आहे.”

“पण तुमचा गुडघा तर चांगला आहे.”

“हो ना. तेही मी त्यांना सांगितलं.”

बाईंनी फोन खाली ठेवला आणि पेन आपटलं. या वेळी ते फुटलं.

साहेबांनी ताबडतोब बोलावणं धाडलं. “ग्राहक माझ्या नावानं शंख करतोय,” ते म्हणाले. “तुम्ही नक्की शिकवता काय, बाई?”

“खरं बोलायला.”

“अहो, मूळच्या धर्मराजानंसुद्धा वेळ आली तेव्हा आवाज खाली घेतला होता.”

“हा घेणार नाही.”

“दुसरं तिकीट काढलंय. या खेपेला तो पोचला नाही, तर तुमचा वर्ग बंद. सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवू. तुम्ही परत रिसेप्शनवर.”

रिसेप्शनचं नावसुद्धा बाईंना नको होतं. वर्ग मिळण्याआधीची सगळी नोकरी त्यांनी तिथे काढली होती, आणि तिथे दिवसभर हसायला लागायचं. गाल दुखायचे. कपाळाला आठी घालायचा हक्क त्यांनी मोठ्या कष्टाने मिळवला होता.

यंत्रं जोडतात त्या मोठ्या शेडमध्ये त्या तरातरा गेल्या आणि दिसेल त्याला विचारत सुटल्या, “परदेशी जाता तेव्हा तुमची बॅग कोण भरतं?”

“बायको.” “आई.” “बहीण येते मुद्दाम.” एकाला तर प्रश्नच कळेना. तो म्हणाला, “म्हणजे? बॅग भरलेलीच असते.”

बाई तिथल्या एका खोक्यावर मटकन बसल्या. बॅगेत कुठली वस्तू कुठे ठेवायची हे त्या वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत होत्या, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाचाही बॅगेला हात लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धर्मराजाला रिकामी बॅग, सगळे कपडे आणि बायको घेऊन बोलावलं. अधिकाऱ्याच्या टेबलावर बनियनचा ढीग पडला. वहिनींना कोपऱ्यातली खुर्ची मिळाली.

“ताई, मी नुसतीच बसू?”

“नुसतंच बसायचं. हात मांडीखाली.”

धर्मराजानं बनियनचे बोळे करून बॅगेत कोंबायला सुरुवात केली. वहिनींचा एक हात बाहेर आला.

“वहिनी.”

“अहो, पण शॅम्पू आडवा ठेवलाय त्यांनी. सांडेल.”

“सांडू दे.”

“इस्त्रीच्या शर्टावर सांडेल, ताई.”

“त्यांच्याच शर्टावर सांडेल ना?”

धर्मराज इकडेतिकडे बघत म्हणाला, “माझा निळा शर्ट कुठंय गं?”

“अंगात आहे,” वहिनी म्हणाल्या आणि खिडकीकडे बघायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून मी भरतेय. कधी काही विसरलं नाही. आता विमान चुकलं तर सगळे म्हणतात, बायकोनं घोळ घातला.”

बाई त्यांच्याजवळ गेल्या. “घोळ मी घातला. बॅग भरणार तुम्ही आणि शिकवत बसले ह्यांना.”

“मग मला शिकवा की.”

“तुम्हाला शिकवून काय करू? उत्तर ह्यांना द्यायचंय.”

वहिनींना ते पटलं, पण पर्समधून डबी निघालीच. “एवढं मलम तरी? तिकडे दुखला गुडघा तर?”

“मलम घरी,” बाई इतक्या जोरात म्हणाल्या की कॅन्टीनमधल्या कपबशा गप्प झाल्या.

बॅग काही बंद होईना. शेवटी तिघं आळीपाळीने तिच्यावर बसले.

धर्मराज पुन्हा निघाला. विमानाची वेळ जवळ आली तसा बाईंना डबाही गोड लागेना. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो आधी नुसताच बघितला.

“बाई, विमानात बसलो. दार लावतायत.”

बाईंनी डोळे मिटले. “विचारलं का, बॅग कुणी भरली?”

“नाही. कुणी चकार शब्द विचारला नाही. अधिकारी नुसतं पुढे व्हा म्हणाला.”

“बरं झालं.”

“बरं कसलं? एवढं भरून आणलेलं. मीच सांगितलं, साहेब, ही बॅग मी स्वतः भरलीय.”

“कशाला? विचारतील तेवढंच बोला म्हटलं होतं ना मी?”

“खरं होतं म्हणून सांगितलं. तर त्याला संशय आला. म्हणाला, उघडा.”

बाईंना रिसेप्शनचं टेबल डोळ्यांसमोर दिसलं, त्यावरच्या प्लॅस्टिकच्या फुलांसकट.

“मग मी त्यानं हात घालायच्या आधीच सांगत गेलो, आता मोजे, आता पाना, आता सांडलेला शॅम्पू. निम्म्यातच कंटाळला तो. म्हणाला, बंद करा. ती कसली बंद होतेय. शेवटी तोच बसला बॅगेवर.”

यंत्र सुरू झालं, ग्राहक थंड झाला. वर्ग वाचला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी हुकूमच काढला, यापुढे प्रत्येकाने आपली बॅग बाईंच्या समोर भरायची.

झालं. कॅन्टीनच्या मागची खोली रोज मोज्यांनी आणि टॉवेलांनी भरून जाऊ लागली. आणि ही मंडळी बॅग भरायला शिकली म्हणावं तर तेही नाही. जे आजवर घरी विचारायचे ते बाईंना विचारू लागले. “बाई, स्वेटर घेऊ का?” “बाई, दाढीचं सामान कुठे ठेवू?” एकाने तर आईला फोन लावून बाईंच्या हातात दिला, तुम्हीच बोला म्हणून. व्हिडिओ लावला असता तर त्याला असं काही विचारता आलं नसतं, असा विचार बाईंच्या मनात एकदा येऊन गेला.

अशाच एका संध्याकाळी त्या घरी आल्या, तर यजमान पाय पसरून पेपर वाचत होते.

“ऑफिसच्या कामाला बाहेरगावी जायचंय, तासाभरात निघतो. माझी बॅग भरतेस ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही भरा.”

त्या खुर्चीत बसल्या, हात मांडीखाली घेतले. यजमानांनी कपाटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. पायजम्यावरचा सदरा शोधला. बाई दात दाबून बसून राहिल्या. शेवटी ते बॅग घेऊन जिना उतरले. टेबलावर त्यांचा चष्मा तसाच होता.

बाईंनी चष्म्याकडे बघितलं. खाली फाटक करकरलं, तशा त्या उठल्या आणि अनवाणीच जिना उतरत धावल्या.

“मला वाटलंच तू आणशील,” यजमान म्हणाले. मग त्यांनी बाईंच्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. “आणि हे मलम कशाला? माझा गुडघा बरा आहे.”

“ठेवा,” बाई चरफडत म्हणाल्या आणि डबी त्यांच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबली.