टपावरचा फुगवटा

कल्याणमध्ये रिक्षांचे हूड शिवणारे एक दुकान आहे. दुकान कसले, रस्त्याच्या कडेचा ताडपत्रीचा आडोसा. आत जाड सुईचे शिलाईयंत्र आणि बाहेर अंगावरचे वस्त्र उतरवून उभी असलेली एखादी रिक्षा. परवा डोळे तपासून परतताना मी तिथून जात होतो आणि पाय आपोआप थांबले. नव्या रेक्झिनचा कोरा वास, आणि त्यात मिसळलेला, ते चिकटवायच्या रबरी सोल्युशनचा किंचित गोडसर, किंचित मस्तकात जाणारा दर्प. आजूबाजूची माणसे नाकाला रुमाल लावून पुढे जात होती. मी मात्र तिथेच उभा राहिलो, आणि दुकानदाराने "बाबा, काय पाहिजे?" असे दुसऱ्यांदा विचारले तेव्हा भानावर आलो. काय पाहिजे, हे त्याला सांगता येण्यासारखे नव्हते. मला वैशाखातली एक दुपार हवी होती.

माझ्या जुन्या गाडीच्या टपावर काळे रेक्झिन आहे. खाली सायीच्या रंगाचे अंग, वर दाणेदार काळे आवरण, आणि पुढून मागे धावणाऱ्या दोन उभ्या शिवणी. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या आवारात ती उभी असते आणि येणारे-जाणारे तिच्याविषयी आपापली मते देऊन जातात. टप गंजला म्हणून झाकला, असे तळमजल्यावरचे गृहस्थ सांगतात. चूक. पत्रा आरशासारखा होता. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून आवरण घातले, असे आणखी कोणी म्हणते. काळा रंग ऊन अडवतो असे ज्याने ठरवून टाकले आहे, त्याच्याशी वाद तरी काय घालायचा? खरे कारण एवढेच की माझ्या पत्नीला ती गाडी बोडकी वाटे. एका मासिकातल्या चित्रात तिने असा काळा टप पाहिला होता, आणि तेव्हापासून "तिच्या डोक्यावर काहीतरी हवं हो," हे तिचे पालुपद झाले होते. घरात आम्ही दोघे आणि माझा धाकटा भाऊ. मूल आमच्याकडे आले नाही. म्हणून असेल, पण त्या गाडीचे लाड फार झाले.

रेक्झिन बसवणे म्हणजे सतरंजी अंथरणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ते काम केलेले नाही. आम्ही ते केले, इमारतीसमोरच्या अंगणात, भर उन्हात. कारण उन्हाने रेक्झिन मऊ पडते आणि टपाची गोलाई निमूटपणे स्वीकारते. आधी पत्रा घासकागदाने घासायचा. काचेभोवतीचे रबर सैल करायचे, म्हणजे कडा त्याखाली दडवता येतात. सुतळीला खडू लावून टपाच्या मधोमध रेघ उमटवायची, शिवून आणलेले आवरण त्या रेघेवर टेकवायचे, त्याची एक बाजू उलटी दुमडायची, पत्र्याला आणि कापडाच्या पाठीला सोल्युशन लावायचे, आणि मग थांबायचे. थांबणे हीच त्या कामातली खरी विद्या. सोल्युशन बोटाला ओले लागते तोवर हात आवरायचा. त्याची नुसती ओढ जाणवू लागली की मगच मध्यापासून कडेकडे तळहाताने दाबत जायचे. एकदा टेकले की टेकले. उचलून पुन्हा बसवण्याची सोय तिथे नाही. मी त्या दुपारी पुरेसा थांबलो होतो. हे ठासून लिहितो, कारण पुढचा सगळा वाद याच एका गोष्टीवर उभा आहे.

डब्यातले सोल्युशन उजव्या बाजूला पुरणार नाही असे दिसले, म्हणून भाऊ दुसरा डबा आणायला गेला. डाव्या बाजूचा पत्रा उघडा होता, मी ब्रश भिजवत होतो, आणि पत्नी वाटी घेऊन खाली आली. वाटीत तेलात कालवलेले कुंकू. लोखंडावर कोरडे कुंकू टिकत नाही, हे दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा करत वाढलेल्या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही. पुढच्या काचेच्या वर, जिथे तिची बसायची जागा, तिथे तिने बोटाने स्वस्तिक काढले.

"अगं, तेल आहे ते! त्याच्यावर सोल्युशन धरणार नाही."

"धरेल. देवाचं आहे."

"देवाचा आणि रबराचा काय संबंध? दे तो पेट्रोलचा बोळा इकडे, पुसून टाकतो."

ती बाजूला झाली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पुसा. पुसा की! नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बायकोचं कुंकू पुसलेलं बघू दे एकदा सगळ्या डोंबिवलीला."

कारखान्यात नोकरीला असताना मी मापात केसाएवढा फरक खपवून घेत नसे. माझ्या हाताखालची माणसे मला टरकून असत. पण त्या वाक्यापुढे कोणतेही मोजमाप चालेना. मी बोळा टाकून दिला, त्या लाल रेषांवरून सोल्युशनचा पिवळट हात फिरवला, रीतसर थांबलो आणि रेक्झिन दाबत नेले. भाऊ परतला तेव्हा डावी बाजू बसलेली होती.

काही दिवसांतच, नेमक्या त्या जागी, तळहाताएवढा फुगवटा वर आला. भावाने तो पाहिला आणि तिथल्या तिथे निकाल दिला, की दादाने घाई केली. मी उसळलो, पण पत्नीने मला आधीच बजावले होते. "माझं नाव घ्याल तर बघा. भावोजी जन्मभर चिडवतील." झाले. मी हात बांधून लढायला उभा राहिलो. मुंजी, बारशी, गणपती, जिथे चार नातलग जमत तिथे भाऊ ती कथा सांगे. "आमच्या दादाला धीर कुठला! सोल्युशन ओलं असतानाच चिकटवून मोकळा." मंडळी हसत. मी "साफ खोटे" असे म्हणून तावातावाने वाद घाली, कारण मात्र सांगू शकत नसे. आणि ती, पदर तोंडाला लावून, सगळ्यांत जास्त हसे. हसता हसता माझ्याकडे एक चोरटी नजर टाकी. त्या नजरेसाठी मी कितीही वेळा हरलो असतो. खरे काय ते जाणणारे दोघे असले, म्हणजे ते लोकांत हरले तरी त्याचे काही बिघडत नाही. ते दोघांत सुखाने नांदते.

संध्याकाळी आम्ही गाडी घेऊन कळव्याच्या पुलाकडे जात असू. खाडीवरून खारट वारा येई, कोळ्यांच्या होड्या चिखलात कलंडलेल्या दिसत. गाडीतून उतरली की ती टपावर तळहात ठेवून फुगवटा दाबी. "बसला का बघते," असे म्हणे. तो हलकासा उसासा टाकून खाली बसे आणि हात काढताच पुन्हा वर येई. "नाही बसत. तुमच्यासारखाच आहे."

ती गेली. दिवसकार्य आटोपल्यावर भाऊ मला घोडबंदर रोडवरच्या त्याच्या उंच घरी घेऊन गेला. माझे मन रमावे म्हणूनच असेल, त्याने मंडळींत ती जुनी कथा काढली. त्या दिवशी मला ते सोसले नाही. चिडवले जाण्याची भीती जिला होती, ती आता राहिली नव्हती. मी कुंकवाची हकिकत सांगितली, वाटीपासून बोळ्यापर्यंत. भाऊ हळू आवाजात म्हणाला, "दादा, वहिनी आता उत्तर द्यायला नाही, म्हणून तिच्यावर ढकलतोस?"

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. आजवर मला उतावळा ठरवत होते. त्या क्षणी मी मृत बायकोच्या आड लपणारा ठरलो. तिच्यामाझ्यातली ती दुपार माझ्या एकट्याच्या हातात उरली होती, आणि एकट्याने सांगितलेले कोणी खरे धरत नाही.

पुरावा मात्र होता. रेक्झिनच्या खाली, पत्र्यावर. म्हणून मी गाडी कोपरीतल्या एका जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये नेली आणि भावाला मुद्दाम बोलावून घेतले. गॅरेजवाल्याने फुगवटा दाबला आणि स्वतःचा तिसराच निष्कर्ष जाहीर केला. "काका, पाणी शिरलंय आतमध्ये. गंज असणार शंभर टक्के."

"काढून दाखव," मी म्हणालो. त्याने पाते उचलले. सहज विचारावे तसे मी विचारले, "खाली पत्र्यावर काही काढलेले असेल, तर ते राहील ना?"

"कसं राहणार? रेक्झिन खेचलं की जुनं सोल्युशन त्याला धरूनच निघतं, मधे जे काय असेल ते घेऊन. उरलंसुरलं थिनरने पुसून देतो ना. टेन्शन नका घेऊ काका, पत्रा एकदम चकाचक!"

पुसून देतो. किती सहज म्हणाला तो. पात्याचे टोक शिवणीपाशी टेकले होते. भाऊ म्हणाला, "काढू दे ना, दादा. एकदाचा निकाल लागेल." निकाल माझ्याच बाजूने लागणार होता, याविषयी मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. क्षणभर लाल रेषा दिसल्या असत्या, भावाची मान खाली गेली असती, आणि मग थिनरचा बोळा फिरला असता. कमरेवर हात ठेवून ती तिथेच कुठेतरी उभी आहे असे मला वाटले. पुसा की!

"पाते ठेव खाली," मी म्हणालो.

भावाने माझ्याकडे रोखून पाहिले. "म्हणजे घाई केली होतीस, हे मान्य?"

"काहीही मान्य नाही."

"मग?"

"मग काही नाही. चल, घरी सोडतो तुला."

तो तिच्या जागेवर बसला. घोडबंदर रोडच्या खोळंब्यात आम्ही दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसून होतो. त्याच्या इमारतीपाशी उतरल्यावर त्याने टपावर हात ठेवला, फुगवटा एकवार दाबून पाहिला, "घाईच," असे म्हणाला आणि लिफ्टकडे निघून गेला.

माझ्यामागे त्याचीच कथा उरणार, हे मला कळते. त्याची नातवंडे ती सांगतील. माझ्या बाजूने बोलणारे कोणी नाही. काळ नेहमी सत्यच राखून ठेवतो असे म्हणणाऱ्यांशीही माझा वाद आहे. ज्याच्याभोवती माणसे जास्त, ते तो राखतो. उरलेले, झाकलेले असेल तरच टिकते.

दुपारी आवारात सामसूम झाली की मी खाली उतरतो. उन्हाने टप तापलेला असतो आणि फुगवटा भरून आलेला असतो. मी त्यावर तळहात ठेवतो. तो उसासून खाली बसतो आणि हात काढताच पुन्हा वर येतो. आत त्या दुपारची हवा कोंडली आहे, असले काव्य मी करणार नाही. रेक्झिन काय आणि किती धरून ठेवते, हे मला पुरते ठाऊक आहे. खाली कुंकू आहे, एवढे पुरे. मी तेव्हा थांबलो होतो, सोल्युशनची ओढ बोटाला जाणवेपर्यंत थांबलो होतो. आणि आता तर थांबण्यावाचून मला दुसरे काही कामच नाही.