ऑपेरावाल्या बाई

बाई आल्या की आधी शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसायच्या. आम्ही पंधरा-वीस म्हातारे पुढे गोल करून उभे, आणि शिकवणाऱ्या बाई पार मागे, भिंतीला टेकून. पंजा कानामागे धरायच्या आणि म्हणायच्या, "ऐकू येत नाही, बेबी. ही खुर्चीसुद्धा गाणं ऐकायला बस पकडून आलीय."

माझी सून शेजारी उभी राहून मराठी करून सांगायची. बेबी कोण, तर ऐंशी वर्षांची चिनी आजी. मी पंच्याहत्तरचा, मीही बेबी.

बाई अमेरिकेतल्या. तिकडच्या काळ्या लोकांची एक ऑपेरा कंपनी आहे, त्यातल्या मोठ्या गायिका. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त यात बोलायचंही गाऊनच. 'दार लाव' म्हणायचं तरी गाऊन. खेळ शहरातल्या मोठ्या थिएटरात होते. पण कंपनीचा नियम असा की जिथे खेळ, तिथल्या वस्तीत जाऊन लोकांना गायला लावायचं. म्हणून तीन आठवडे बाई सकाळी आमच्या उपनगरात, सेंगकांगला, आमच्या ब्लॉकसमोरच्या कम्युनिटी क्लबात यायच्या.

मी गेलो तो सुनेच्या आग्रहाने. त्याआधी वर्षभर मी घराबाहेर फारसा पडलो नव्हतो. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी गाव सोडून इथे परदेशात मुलाकडे राहायला आलो होतो. एका सकाळी ती चहा टाकायला उठली, ओट्यापाशी खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. तेव्हापासून माझा आवाजच बसला. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. काही नाही तर मग आवाज का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. घरात मी बोललो की सून दर वेळी विचारायची, "काय म्हणालात, बाबा?"

पहिल्या दिवशी बाई गायल्या. माइक नाही, पेटी नाही, काही नाही. मी जन्मभर एसटीच्या डेपोत काम केलं. पत्र्याच्या शेडखाली मोठं इंजिन रेस केलं की ते कानाला नंतर कळतं, छातीला आधी. तसं झालं. साठीची बाई, पांढरे बारीक कापलेले केस, पायात पुरुषी बूट, आणि आतून हे असलं काहीतरी निघतंय. फरशी पुसणारा माणूस दारात थांबला तो थांबलाच. बादली घेऊन उभा. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही तसेच उभे राहिला असतात. मला गाण्यातलं काही कळत नाही. कळायची गरजच पडली नाही.

खाली हॉकर सेंटरात, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, बाई 'कोपी ओ' मागायच्या, म्हणजे काळी कॉफी. तेसुद्धा गाऊन. शेवटचा 'ओ' छताला नेऊन चिकटवायच्या. दुसऱ्या आठवड्यात कॉफीवाल्या चिनी काकांनी गाऊन उत्तर दिलं. भसाडं. बाईंनी स्टूल सोडून उठून टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या खुर्चीचं काय ते माझ्या सुनेने एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "माझ्या आजीला गाण्याचं वेड. पण थिएटरात आमच्या लोकांना सगळ्यात वर, सगळ्यात मागे बसवायचे. कुठे कुठे तर आतच घ्यायचे नाहीत. म्हणून आमच्या कंपनीत आवाज मागच्या खुर्चीला पोचला तरच पोचला म्हणतात."

मी सुनेला म्हटलं, "बाईंना सांग, मला शाळेत दाराबाहेर तरटावर बसवायचे. मास्तरांचं निम्मं ऐकूच यायचं नाही. सातापुढचे पाढे मला अजून येत नाहीत."

सुनेने सांगितलं. लोक असं ऐकलं की हळहळतात, ते मला आवडत नाही. बाई हळहळल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुम्हाला समजावून सांगायला नको." आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

शेवटी कार्यक्रम करायचा होता, हाकांचा. ज्याने त्याने आयुष्यभर जशी कुणाला हाक मारली तशी मारायची. मग बाई आणि कंपनीचे गवई ती उचलून गाणार. चिनी आजी भावाला जेवायला बोलवायची. एक मलय काका होडीतल्या जोडीदाराला हाळी द्यायचे.

माझी पाळी आली त्या दिवशी सुनेची मीटिंग होती. मी एकटाच. बाईंनी तोंडापाशी हात धरून विचारलं, कुणाला?

"वाइफ," मी म्हटलं.

काय म्हणून हाक मारायचात?

"अगं."

तेसुद्धा पंक्चर झालेल्या चाकातून हवा निघावी तसं निघालं. बाईंनी कागदावर लिहून घेतलं, छातीला हात लावला आणि म्हणाल्या, "ब्युटिफुल नेम."

हे नाव नाही, हे सांगायला मी इंग्रजी कुठून आणू? आणि खरं म्हणजे सांगावंसंही वाटलं नाही. तिचं नाव रेशनकार्डावर होतं, एसटीच्या पासावर होतं, शेवटी दवाखान्याच्या दाखल्यावर आलं. माझ्या तोंडात ते कधीच नव्हतं.

पुढच्या खेपेला सुनेने तो कागद पाहिला. "बाबा, यांनी आईंचं नाव 'अगं' लिहिलंय! मी सांगते खरं नाव."

"नको."

"कार्यक्रमाला मराठी मंडळाची माणसं येणार आहेत. हसतील ना."

"हसू देत. त्या नावाने बोलावलं तर तिला कळायचंच नाही मी बोलावतोय ते."

सुनेने कागद होता तसा परत ठेवला. मला मात्र दुसरीच धास्ती होती. हॉल भरणार, आणि माझ्या तोंडून हाक निघणार का? मी बाथरूमचा नळ सोडून रोज प्रयत्न करायचो. नळाचाच आवाज मोठा यायचा.

कार्यक्रमाच्या सकाळी हॉल गच्च. चिनी आजीने असा काही भाऊ हाकारला की लोक दचकले. मलय काकांनी हाळी दिली. मग मी. पुढे गेलो, तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. काही नाही. सगळे वाट बघतायत. म्हाताऱ्या माणसाला याहून वाईट काय असतं, तुम्हीच सांगा.

बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माझ्या पाठीवर पंजा ठेवला आणि गायल्या, "अगंऽऽ!"

मंडळाची माणसं फिस्सकन हसली. हसणारच. 'अगं, चहा दे', 'अगं, चष्मा कुठाय', यापलीकडे त्या शब्दाचा कुणी कधी विचार केलाय? मीही केला नव्हता. बाईंनी तो दुसऱ्यांदा उचलला, आणखी वर नेला. आता कुणी हसेना. तिसऱ्यांदा कंपनीचे सगळे मिळाले. मी उभ्या जन्मात त्या शब्दाने पाणी मागितलं, टॉवेल मागितला, आणि त्या शब्दात एवढी जागा होती! अख्खा हॉल त्यात मावला. मंडळातल्या एका बाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात धरलेला मी स्वतः पाहिला.

पण हाक त्यांनी मारली. मी नाही. खाली उतरलो तेव्हा मान वर होत नव्हती.

नंतर चहापाणी झालं. कंपनीची बस दारात लागली होती, तिथून थेट विमानतळ. सून कप आणायला गेलेली. बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या खुणा मला आता कळायला लागल्या होत्या. खुणेनेच विचारलं, आणि ती तुम्हाला काय म्हणायची?

"अहो," मी म्हटलं.

बाईंनी दोनदा पुटपुटून पाहिलं, शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि गेल्या. माझंही नाव त्यांनी लिहून घेतलं असणार.

मी फुटपाथवर उभा होतो. बाई बसच्या पायरीवर चढल्या, वळल्या, आणि सगळ्या रस्त्याला पुरेल अशी हाक मारली, "अहोऽऽ!"

मंडळाचे चार नवरे कप घेऊन उभे होते. चौघेही एकदम वळले. त्यांच्या बायका तोंडाला पदर-ओढण्या लावून हसायला लागल्या.

माझे पाय तोवर निघालेसुद्धा होते.

"आलो गं!" मी म्हणालो. म्हणालो कसला, ओरडलो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून बघितलं. बसचं दार मिटलं. बस निघाली, सिग्नलला वळली, दिसेनाशी झाली. मी अजून चालतच होतो.