शेजारणीच्या तांदळातली माझी मूठ

संधिवाताने गुडघे धरले आणि माझं चर्च सुटलं. चर्च रोह्याला, मी पेणला रामवाडीत. नुसता जिना उतरायचा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. लोक येऊन सांगत, "घरी प्रार्थना करा, प्रभू ऐकतो." मला भारी राग यायचा. तुमचे गुडघे धड आहेत, तुम्हाला बोलायला काय जातंय! रविवारी उपासनेच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. प्रभूने मला चर्चच्या मंडळीतून वगळलं, असंच मनाने घेतलं होतं.

पायांपेक्षा हातांचं दुःख मोठं. आमच्या मंडळीतल्या बायका रोज भात टाकण्याआधी देवासाठी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात आणि रविवारी चर्चमध्ये नेतात. तिथून ते गरजूंच्या घरी जातात. लग्न झाल्यापासून माझी मूठ कधी चुकली नव्हती. आता बोटंच वळेनात. जेवण शेजारची सुमन आणून द्यायची. खाडीकडच्या गावातली, हिंदू घरातली, जीव लावणारी पोर. तिलाही मी सोडलं नाही. भात गिच्च झालाय म्हणून कुरकुरायचे. "व्हय काकी, उद्या मोकळा करते," म्हणून ती हसायची.

एका दुपारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायला घरी आले. मी मान फिरवली. म्हटलं, "मला कशाला आता? माझी मूठसुद्धा बंद झाली. मी कुठली तुमच्या मंडळीतली?"

ते गोंधळले. "अहो, तुमचे तांदूळ तर येतात की! सुमनताईंचे यजमान धाटावला कंपनीत शिफ्टला जाताना वाटेत चर्चमध्ये ठेवून जातात. तुमच्या नावाने. मला वाटलं, तुम्हीच पाठवता."

मी सुमनला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली.

"कुठले तांदूळ गो?"

"आमच्याच डब्यातले, काकी. तुमी आजारी, म्हणून देवाची मूठ चुकवायची काय? तुमीच बोलायचात ना, आधी देवाची मूठ, मग आपलं जेवण. माझा भात टाकताना तुमची काढते."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुमी नको बोलला असतात!"

खरंच बोलले असते. मी रडले, अगदी लहान पोरासारखी. प्रभुभोजनाची भाकर बोटांत धरवेना, म्हणून पाळकसाहेबांनी ती माझ्या उघड्या तळहातावर ठेवली. तारण, म्हणजे पापातून सुटका, आपल्या कर्माने नाही, देवाच्या कृपेने मिळतं, हे संडे स्कूलच्या मुलांना मीच शिकवत आले. आणि मनातून मात्र त्या मुठीच्या जोरावर बसले होते. दुसऱ्या कुणी स्वतःच्या ताटातलं काढून माझं नाव राखावं, ही कृपा मी रोज गिच्च भात म्हणून नावं ठेवत गिळत होते.

अजून मला चर्चला जाता येत नाही. कदाचित आता कधीच जमणार नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. त्याहून वाईट वाटतं ते रुसून घालवलेल्या रविवारांचं. ज्या भिंतीकडे तोंड करून मी देवाला बोल लावायचे, तिच्या पलीकडे सुमनचं स्वयंपाकघर आहे. आता सकाळी तिच्या डब्याचं झाकण वाजलं की मी हात उघडे ठेवून म्हणते, "प्रभू, घे. माझं नाही, तरी माझ्या नावाचं."