एजंटभाऊंची कंपनी

कंपनीबद्दल वाकडा शब्द एजंटभाऊंना खपत नसे. एकदा आमच्या गावी, अड्याळच्या सलूनमध्ये ते दाढीला बसले होते आणि शेजारच्या खुर्चीतला एक कॉलेजकुमार सहज बोलून गेला, की या कंपनीची मशीन लवकर तापते. झालं! एजंटभाऊ तडक उठले. एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस, गळ्यात तो पांढरा कपडा, आणि मागे वस्तरा हातात धरून न्हावी बिचारा उभा. "तापते म्हंजे? ठेवतं कुठी तू तिले? टीव्हीच्या मांगं कोंबून ठेवत असशीन! तुले आलमारीत कोंबलं तर तू नाही तापनार का बे?" मग भाऊ शांतपणे पुन्हा बसले आणि न्हाव्याला म्हणाले, "चाल, कर आता."

ही कंपनी व्हिडिओ गेमच्या मशीन बनवणारी. कुठल्या देशातली, मालक कोण, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नव्हती. त्यांच्या तोंडी ती कायम 'आपली कंपनी' असायची. दुसऱ्या कंपनीची मशीन घेणाऱ्याकडे ते असे बघायचे, की जणू त्यानं गोत्र सोडलं. "कमिशन भेटते का भाऊ?" असं कुणीतरी चौकात चिडवलं आणि तेव्हापासून ते एजंट झाले. नाव इतकं चिकटलं की त्यांच्या घरी गेलो तर वहिनीही आतून सांगायच्या, "बसा, तुमचे एजंट आंघोळीले गेले."

बाकी माणूस अगदी आपल्यातला. तलावाखाली धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, आणि शाळेच्या पोरांची ने-आण करायला एक व्हॅन. सकाळी व्हॅन, दुपारी वावर, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन चहा झाला की टीव्हीसमोर बैठक. आम्ही आठवी-नववीतली पोरं तेव्हा ओसरीवर आधीच जमलेली असायचो. तिशीला टेकलेला बायकोवाला माणूस आमच्याशी फुटबॉलची मॅच खेळताना ओरडतो, चिडतो, हरल्यावर जेवायला नाही म्हणतो, हे बघून आमच्या घरचे कपाळाला हात लावायचे. वहिनी मात्र ताट आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हरले असन तर भात घ्या, जिकले असन तर पोळ्या लाटाले या."

एवढं वेड कशानं लागलं? त्याची एक गोष्ट होती आणि ती आम्हाला लग्नात, बारशात, धान मळताना, कुठेही ऐकावी लागे. त्यांची पहिली मशीन वॉरंटी संपल्या संपल्याच बंद पडली. भाऊ ती गमछ्यात गुंडाळून बसनं नागपूरला घेऊन गेले. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक मुलगी होती. तिनं बिल पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "भैया, वॉरंटी तो निकल गई. लेकिन इतनी दूर से आए हो, बैठो." पाणी दिलं, चहा दिला, मशीन दुरुस्त करून दिली, आणि पैशाचं नावही काढलं नाही. बस. गोष्ट एवढीच. पण सांगून झाली की भाऊ आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघायचे आणि म्हणायचे, "याले म्हंते कंपनी!"

तेव्हा गेम डिस्कवर यायचे. एखादी डिस्क भाऊंनी आणली की ती आठवडाभरात सगळ्या गल्लीत फिरायची, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बैलजोडी एका घरून दुसऱ्या घरी जाते तशी. परत आणताना ती सुती कपड्यानं पुसून आणायची, एवढाच नियम. कुणी डिस्क दाबून ठेवली तर भाऊ स्वतः त्याच्या दारात हजर. "गेम घरात बसून नाही राह्यला पाह्यजे. बसला का बुरशी धरते," म्हणायचे. मशीन तीन-चार घरीच होत्या, पण डिस्कमुळे आमच्या गल्लीत कुणी स्वतःला गरीब समजत नव्हतं, हे मी आज छातीठोकपणे सांगतो.

आणि मंडई! दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी घराघरात पाहुणे, लेकी-जावई, रस्त्यावर जिलेबीची दुकानं, रात्री नाटक. भाऊंच्या अंगणात दुपारपासून टीव्ही बाहेर निघायचा. आमच्या मंडईत जावयांची फुटबॉल मॅच हा एक मानाचा कार्यक्रम होऊन बसला होता. सिहोऱ्याचा एक जावई तर सासऱ्यापेक्षा एजंटभाऊंना भेटायला येतो, असं लोक म्हणत. भाऊ मधे खुर्ची टाकून पंच व्हायचे आणि प्रत्येक नव्या जावयाला ती काउंटरवाल्या मुलीची गोष्ट सांगायचे.

पुढं आम्ही पांगलो. कुणी नागपूरला, कुणी भंडाऱ्याला, मी पुण्याला. दरम्यान कंपनीचंही काय झालं कुणास ठाऊक. आधी इंटरनेटवर एकमेकांशी खेळायला पैसे लागायला लागले. मग गेम अर्धे येऊ लागले, उरलेला अर्धा वेगळा घ्यायचा. मग आमचा जुना लाडका गेम एक दिवस चालूच होईना, कारण कंपनीनं त्याचा सर्व्हर बंद केला. आम्ही फोनवर बोंब मारली की भाऊ एकच बोलायचे, "असन बावा त्यायची काही मजबुरी." मजबुरी! मला असा संताप यायचा. जगभर धंदा करणाऱ्या कंपनीची कसली आली मजबुरी? पण भाऊंपुढे बोलायची सोय नव्हती. सोयरीक तुटेल इतक्या गंभीर चेहऱ्यानं ते ऐकायचे.

मग आली नवी मशीन. हिला डिस्क टाकायला जागाच नव्हती. गेम थेट इंटरनेटवरून उतरवायचे आणि ते अकाउंटमध्ये जमा. रवी नावाचा आमचा मित्र, चौकात शिलाईचं दुकान चालवतो, त्यानं तेव्हाच नाही म्हटलं होतं. "भाऊ, हातात काहीच येत नाही. जुनीच ठेवू." त्यावर भाऊंनी अख्खी संध्याकाळ त्याला समजावलं. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी आहो ना मंधात! कंपनी पोट्ट्यायले दगा देईन का? माह्या शब्द हाय."

त्या शब्दावर आम्ही सगळे नव्या मशीनला तयार झालो. आणि तेही अड्याळच्या पद्धतीनं. मंडईच्या नाटकाला जशी वर्गणी काढतो तशी गेमला वर्गणी काढली. अकाउंट एकच, भाऊंच्या नावानं. पासवर्ड निम्म्या गावाला पाठ. आज पुण्यातून मी खेळायचो, उद्या नागपुरातून कुणी, परवा ओसरीवर भाऊ आणि रवी. जी वस्तू सगळ्यांच्या पैशानं आली ती सगळ्यांनी वापरायची, यात चुकलं कुठं, हे आम्हाला कळणंच शक्य नव्हतं. अटी कुणी वाचतं का? नाटकाचा तंबू आणताना तरी कुठं कोण अटी वाचतो?

मागच्याच्या मागच्या मंडईला मी गावी होतो. अंगणात सतरंजी, खुर्च्या, चार-पाच जावई नवे कपडे घालून बसलेले. भाऊंनी मशीन लावली. पडद्यावर गेमऐवजी एक इंग्रजी मजकूर आला. भाऊंनी मला हाक मारली, "वाच बरं, काय म्हनून राहिली कंपनी." मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. एकाच्या नावाचं अकाउंट अनेक ठिकाणी अनेक माणसं वापरतात, हे नियमाविरुद्ध आहे, म्हणून अकाउंट कायमचं बंद.

"बंद म्हंजे?"

"आपले गेम गेले, भाऊ."

"गेले म्हंजे कुठी गेले? पैसे तर आपन देल्ले."

मी त्यांना सांगितलं, की त्यांच्या नियमाप्रमाणे ते आपण विकत घेतलेच नव्हते. खेळायची फक्त परवानगी घेतली होती, आणि ती ते केव्हाही काढून घेऊ शकतात.

"मंग बटनावर 'विकत घ्या' काहून लिवलं होतं?"

जावई लोक चुळबुळ करू लागले. एकानं मोबाइल काढला, मग दुसऱ्यानं. वहिनींनी चिवडा-लाडू बाहेर आणले आणि कुणी काही विचारायच्या आत मोठमोठ्यानं आग्रह करायला लागल्या.

भाऊंनी त्याच दिवशी कंपनीला लिहायचं ठरवलं. मोबाइलवर एक खिडकी उघडली, 'आम्ही आपली काय मदत करू शकतो' अशी. भाऊंनी सांगितलं तसं मी लिहीत गेलो. आधी नमस्कार, मग नाव, मुक्काम अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, मग इतक्या वर्षांचा संबंध, मग हकिगत. सगळं पाठवलं. क्षणात उत्तर आलं, आधी वाचलेलाच मजकूर. पुन्हा लिहिलं. पुन्हा तोच. "हे पोरगी लय घाईत दिसते," भाऊ म्हणाले. मी म्हटलं, "पोरगी नाही भाऊ, मशीन आहे."

"नागपूरले जाऊ," ते शेवटी म्हणाले. "समोर बसून बोललं का मानूस आयकते."

निघताना त्यांच्या हातात पिशवी. नुकताच घरी आलेला चिन्नोर तांदूळ, नव्या धानाचा, पिशवी उघडली की घरभर वास. वहिनी दारातच अडवून उभ्या. "लाच देऊन राहिले का जी कंपनीले?" भाऊ खरोखर दुखावले. "लाच कायची? तिनं चहा पाजला होता. तिच्या घरी खाली हात जाऊ का?" एवढ्या वर्षांनी ती मुलगी तिथं असेल का, असा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. विचारला नाही. त्या चेहऱ्याला कोण विचारणार होतं?

नागपुरात इमारत सापडली. जिना तोच, असं भाऊ म्हणाले. वर काउंटरच्या जागी केस उगवून देणाऱ्यांचा दवाखाना होता. खालच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, "वो तो कब का बंद हो गया, भैया. अब सब ऑनलाइन है." भाऊंनी विचारलं, मग बोलायचं कुणाशी? त्याला प्रश्नच कळला नाही. "फोन में होगा ना कुछ," म्हणाला. भाऊ जिन्याच्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं उठले, पिशवी त्या पहारेकऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "रख लो. नया चावल है. पानी जरा कम डालना."

परतीच्या बसमध्ये मी कंपनीला शिव्या घातल्या. मनसोक्त घातल्या, मायबाप काढले, शेजारची बाई वळून बघायला लागली तरी थांबलो नाही. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. भाऊंनी मला झापावं, 'असन त्यायची काही मजबुरी' म्हणावं, नाहीतर बसमधून उतरवावं. ते खिडकीबाहेर बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. उमरेड गेलं, भिवापूर गेलं, तरी नाही. मला त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं तेवढं गेम गेल्याचं कधीच वाटलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी पोरांना ओसरीवर बोलावलं. बाहेरगावच्यांना फोन लावला. उभं राहून, शाळेत उभे राहतात तसं, म्हणाले, "मी शब्द देल्ला होता. तो खोटा झाला." आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. रवी, ज्याला पहिल्यापासून हे पटलं नव्हतं, तो सगळ्यात आधी म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, गेमच होते." भाऊंनी मान हलवली. "गेम नोहोय रे. तुमी कंपनीले कुठी ओयखत होते? मले ओयखत होते." कंपनीनं कुठल्या तरी दूरच्या इमारतीत एक बटण दाबलं असेल. त्या बटणानं अड्याळमधल्या एका माणसाला मान खाली घालायला लावली, हे तिला कोण सांगणार, आणि कुठल्या खिडकीतून?

पुढच्या मंडईला टीव्ही अंगणात आला नाही. जावई आपापले मोबाइल घेऊन बसले, सिहोऱ्याचा तर सासऱ्याशी गप्पा मारताना दिसला. भाऊ व्हॅन धूत होते. सलूनमध्ये म्हणे आता कुणी काहीही बोलो, ते डोळे मिटून दाढी करून घेतात. पोरं गमतीनं अजून एजंट म्हणतात, ते 'ओ' देतात, पण वहिनींनी तो शब्द सोडला. परवा फोनवर म्हणाल्या, "तुमचे भाऊ वावरात गेले."

पुण्यातली माझी मशीन बिघडली म्हणून गेल्या वर्षी मी नवी घेतली. राग होता, पण सवय मोठी वाईट. घेतली ती त्याच कंपनीची, हे सांगायलाही लाज वाटते. पहिला गेम उतरवला आणि राहवलं नाही, भाऊंना फोन लावला. म्हटलं, तुमच्याकडची मशीन चालू करा, मी पासवर्ड पाठवतो, तुम्ही तिकडून लावा, मी इकडून लावतो.

त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, पुण्याच्या थंडीची केली. मग विचारलं, "अकाउंट कोनाच्या नावानं हाय?"

"माझ्याच, भाऊ."

"मंग तुह्याच राहू दे," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता, लहान पोराला रस्ता ओलांडायला शिकवावं तसा. "आन आयक. तो पासवर्ड कोनालेच सांगू नोको. मलेही नाही."