काळ्या पट्टीवरचं पीठ

माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी उमगलं नाही, आणि अक्षर बिचकलेल्या बैलासारखं तिरकं पळतं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफी असावी.

आमच्या ह्यांनी शहाद्याला, मोडलेल्या एका नाटक मंडळीची जुनी बाजाची पेटी घेतली. पैसे त्यांच्या बहिणीकडून, म्हणजे माझ्या नणंदेकडून उसने आणले. भजनात आपण पेटी वाजवावी, एवढीच हौस. पण ह्यांनी सा धरला की पेटी अशी विव्हळायची, की टाळकरी एकेक करून दाराकडे सरकायचे. ह्यांनी निकाल दिला, पेटीच खोटी. येत्या बाजारी निम्म्या किमतीत विकायची. म्हणजे पेटीही जाणार आणि नणंदेचे निम्मे पैसे अंगावर राहणार.

हे शेतात गेल्यावर मी दार लोटून भाता हलवला. एकेक पट्टी दाबली, सगळ्या गोड. मग दोन-दोन दाबल्या. अगदी शेजारच्या दोन दाबल्या की सूर थरथरत भांडायचे, एका चुलीवर मी आणि जाऊ भांडायचो तसे. मध्ये तीन पांढऱ्या पट्ट्या सोडल्या की तेच सूर शांत. आमच्याही चुली वेगळ्या झाल्यावरच एकमेकींकडे भाजीची वाटी जायला लागली.

आता खोट कळली. नांगर धरून ह्यांची बोटं जाडजूड झालेली, सा दाबताना शेजारची पट्टीही दबायची. पण नवऱ्याला हे सांगायचं कसं? मला तर भाकरी वाढतानाही बोलायला जमत नसे. मी सा च्या शेजारच्या काळ्या पट्टीवर चिमूटभर ज्वारीचं पीठ टाकलं.

संध्याकाळी ह्यांनी सा धरला. पेटी विव्हळली. बोट उचललं तर कडेला पांढरं.

"पेटीवर पीठ कोनी टाकं?"

"मी टाकं," मी चुलीकडे बघत म्हटलं. "पेटी चांगली शे. तुम्हनं बोट आडवं पडस."

त्यांनी बोटावरचं पीठ धोतराला पुसलं. "मंग काय, बोट कापी टाकू?"

"नको. उभं धरा."

पेटी बाजारात गेली नाही. हे बोटाच्या टोकानं, जीभ दातांत धरून वाजवू लागले. टाळकरीही दाराकडून हळूहळू परत आत सरकले. नणंदेचे पैसे दोन वर्षांच्या कापसावर थोडे थोडे फेडले. आखाजीच्या सणाला ती माहेरी आली, तेव्हा उरलेले चार रुपये ह्यांनी तिच्या हातावर ठेवले. तिनं भावाच्या तोंडावर दोनदा मोजले आणि पदराच्या गाठीत बांधले. सगळे फिटले.